शेतमाल वाहणाऱ्या पिकअपचे ब्रेक पॅड व डिस्क : निवडीचे निकष

प्रस्तावना

लखनौ शहराच्या आसमंतात दोन पिके पिकअप वाहनाच्या आधाराने शेताबाहेर पडतात. एक म्हणजे ऊस. त्यावर संशोधन करणारी भारतीय ऊस संशोधन संस्था १९५२ पासून लखनौ येथे कार्यरत आहे. दुसरे म्हणजे आंबा. काकोरी व मलिहाबाद परिसरातील दशहरीच्या आमराया प्रसिद्ध असून केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था याच पट्ट्यात रहमानखेडा येथे आहे. उसाचा गाळपाचा माल ट्रॅक्टर-ट्रॉली व ट्रकने जातो. परंतु बेणे, खते, औषधे, मजूर-साहित्य आणि आंब्याचे क्रेट यांची ने-आण मुख्यत्वे पिकअपनेच होते. मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैपर्यंत हरदोई रस्त्याने दुबग्गा मंडईकडे जाणाऱ्या भरलेल्या पिकअपची वर्दळ पहाटेपासूनच सुरू असते.

महाराष्ट्रातही हेच वाहन नाशिकचा टोमॅटो व द्राक्षे मुंबईला पोहोचवते, उसाची रोपे रोपवाटिकेतून शेतात आणते आणि परतीच्या प्रवासात खतांच्या गोण्या भरून येते. वाहन तेच, परंतु लखनौचा रस्ता सपाट आहे आणि नाशिक-मुंबई मार्गावर कसारा घाट आहे. म्हणून एका ठिकाणी योग्य ठरलेले ब्रेक पॅड दुसऱ्या ठिकाणी योग्य ठरतीलच असे नाही.

फवारणीचे औषध निवडताना पीक, कीड, अवस्था व मात्रा यांचा विचार करणारा शेतकरी ब्रेक पॅड घेताना बहुधा ‘गाडीचे नाव व किंमत’ एवढ्या दोनच गोष्टी विचारतो. ब्रेक निकामी होण्याचे परिणाम मात्र चालकाला, पाठीमागे बसलेल्या मजुरांना आणि रस्त्यावरील अनोळखी माणसाला भोगावे लागतात. वाहनाचा भार व मार्ग यांतून किती उष्णता निर्माण होईल ते आधी पाहावे आणि त्यानुसार पॅड व डिस्क यांची निवड जोडीने करावी, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

ब्रेक उष्णतेचा व्यवहार करतो

बहुतेक पिकअप वाहनांत पुढील चाकांना डिस्क ब्रेक व मागील चाकांना ड्रम ब्रेक असतात. पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो व दोन्ही पॅड फिरत्या डिस्कला चिमट्याप्रमाणे धरतात. वाहनाची गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता प्रथम डिस्क शोषून घेते आणि नंतर हवेत सोडते. पॅड घर्षण निर्माण करतो. डिस्क उष्णता साठवते व घालवते. दोघांची कामे भिन्न असली तरी एकाच्या उणिवेचा भार दुसऱ्यावर पडतो.

एका साध्या गणिताने हे स्पष्ट होईल. मालासह ३,००० किलो वजनाची पिकअप ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना तिची गतिज ऊर्जा सुमारे ४१७ किलोज्यूल असते. वेग ताशी ८० किलोमीटर झाल्यास हीच ऊर्जा सुमारे ७४१ किलोज्यूल होते. म्हणजे वेग एक-तृतीयांशाने वाढला, परंतु ब्रेकवरील काम सुमारे ७८ टक्क्यांनी वाढले. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याचे कारण. वजनाच्या बाबतीत वाढ सरळ प्रमाणात होते. याच वाहनात ६०० किलो जादा माल भरून वजन ३,६०० किलो केल्यास ताशी ६० किलोमीटर वेगाला ५०० किलोज्यूल, म्हणजे २० टक्के अधिक ऊर्जा ब्रेकला पचवावी लागते.

या ऊर्जेपैकी ७० टक्के भाग पुढील दोन डिस्कवर येतो आणि प्रत्येक डिस्कच्या घर्षण-कड्याचे वजन ८ किलो आहे असे उदाहरणादाखल धरू. बिडाची विशिष्ट उष्णता दर किलोला दर अंशाला सुमारे ०.५ किलोज्यूल धरल्यास ताशी ६० किलोमीटरवरून एकदा पूर्ण थांबताना डिस्कचे तापमान सुमारे ३६ अंश सेल्सिअसने वाढते. थंड होण्यास वेळ न देता असे दहा वेळा घडले, तर ही वाढ ३६० अंशांच्या पुढे जाते. लखनौच्या जून महिन्यातील ४० अंशांचे हवामान त्यात मिळवावे. झिजून कड्याचे वजन ७ किलो राहिलेल्या डिस्कमध्ये हीच वाढ प्रत्येक थांब्याला सुमारे ४२ अंश होते. पातळ झालेली डिस्क लवकर तापते, ती यामुळे.

अति तापलेल्या पॅडमधील बंधक राळ विघटित होऊ लागते, घर्षणांक घसरतो आणि पेडल नेहमीइतके दाबूनही वाहन थांबत नाही. यास ‘ब्रेक फेड’ म्हणतात. साध्या सेंद्रिय पॅडमध्ये ही अवस्था साधारणतः ३०० अंशांच्या पुढे येऊ लागते.

सपाट रस्ता व घाट

सपाट प्रदेशात ब्रेकवर ताण येतो तो वेग, जादा भार आणि गर्दीतील वारंवार थांबण्यामुळे. मलिहाबादहून मंडईकडे जाणाऱ्या वाहनाला मोकळ्या रस्त्यावर वेग व शहराच्या वेशीवर गर्दी अशा दोन्ही स्थिती मिळतात. दोन थांब्यांच्या दरम्यान डिस्कला वारा मिळतो व ती काही अंशी थंड होते.

घाटात ही उसंत मिळत नाही. ३,००० किलोची पिकअप ३०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे ८,८०० किलोज्यूल स्थितिज ऊर्जा मुक्त होते. ताशी ६० किलोमीटरवरून सुमारे २१ वेळा पूर्ण थांबण्याइतकी ही ऊर्जा आहे. टायरांचे घर्षण, हवेचा रोध व इंजिन यातील काही भाग घेतात. चालकाने खालचा गिअर ठेवला तर इंजिनाचा वाटा मोठा राहतो. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर इंजिनाचा वाटा शून्य होतो व जवळजवळ सर्व भार ब्रेकवर येतो. उत्तम पॅडदेखील या चुकीची भरपाई करू शकत नाहीत.

निवडीपूर्वी म्हणूनच तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. वाहनात प्रत्यक्ष किती माल भरला जातो? मार्गात सलग उतार किती आहे? एका फेरीत किती वेळा थांबावे लागते? ही माहिती दुकानदाराकडे नसते. ती वाहनमालकाकडेच असते.

बदलण्याची वेळ : निरीक्षण व पातळी

एकात्मिक कीड व्यवस्थापनात आर्थिक नुकसानीची पातळी गाठण्यापूर्वी उपाय योजले जातात. नुकसान दिसल्यावर केलेली फवारणी बहुधा व्यर्थ ठरते. ब्रेकबाबतही हेच तत्त्व लागू आहे. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येऊ लागला म्हणजे पॅड संपून पाठीची पोलादी पट्टी डिस्कला लागली आहे. या टप्प्यावर पॅडबरोबर डिस्कही जाते.

नव्या पॅडवरील घर्षण-पदार्थाची जाडी साधारणतः १० ते १२ मिलिमीटर असते. वाहनाच्या पुस्तिकेत दिलेली किमान जाडी प्रमाण मानावी. ती उपलब्ध नसल्यास ३ मिलिमीटर ही बदलण्याची पातळी समजावी. भारित वाहनासाठी हंगामाच्या तोंडावर ४ मिलिमीटर उरले असले तरी पॅड बदलणे शहाणपणाचे ठरते, कारण ऐन काढणीत गाडी उभी ठेवणे परवडत नाही.

निरीक्षण करताना चारही पॅड काढून पाहावेत. आतील पॅड बाहेरील पॅडपेक्षा पुष्कळ अधिक झिजला असल्यास कॅलिपरच्या सरक-पिना किंवा पिस्टन अडकत आहे. एकच पॅड तिरका झिजला असल्यास कॅलिपर सरळ सरकत नाही. एका चाकाचे पॅड झिजलेले व दुसऱ्याचे जवळजवळ नवे असल्यास दोष त्या चाकाच्या कॅलिपरमध्ये किंवा ब्रेक होजमध्ये शोधावा. मूळ दोष दूर न करता नवे पॅड घातल्यास तेही त्याच पद्धतीने संपतात. खोडकिडा शोधल्याशिवाय केवळ पोंगामर दिसली म्हणून खत वाढवण्यासारखे ते आहे.

पॅडची निवड

पॅडचे मुख्य तीन वर्ग बाजारात आढळतात.

सेंद्रिय पॅड : तंतू, राळ व भरड पदार्थांपासून बनलेले. आवाज कमी, थंड स्थितीत पकड चांगली, डिस्कची झीज कमी. उष्णता सोसण्याची क्षमता मात्र मर्यादित. हलका भार व सपाट रस्ता यांसाठी योग्य.

अर्ध-धात्विक पॅड : यांत वजनाच्या साधारण ३० ते ६५ टक्के धातू असतो. उष्णता सोसण्याची क्षमता अधिक असल्याने जड भार व घाटमार्ग यांसाठी उपयुक्त. मात्र थंड असताना पकड किंचित कमी, आवाज अधिक आणि डिस्कची झीजही अधिक. धातू उष्णता कॅलिपरकडेही वाहून नेतो. म्हणून ब्रेक ऑइल चांगले असणे अधिकच आवश्यक.

सिरॅमिक पॅड : धूळ व आवाज कमी, डिस्कवर सौम्य, किंमत अधिक. मोटारींसाठी बनवलेले अनेक सिरॅमिक पॅड जड मालवाहतुकीसाठी नसतात. वेष्टनावर मालवाहू वाहनाचा उल्लेख नसल्यास ते घेऊ नयेत.

अनेक पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर दोन इंग्रजी अक्षरांचा घर्षण-संकेत छापलेला असतो. पहिले अक्षर सामान्य तापमानातील आणि दुसरे अक्षर तप्त अवस्थेतील घर्षणांक दर्शवते. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफ-ई’ संकेताचा पॅड तापल्यावर खालच्या वर्गात उतरतो, तर ‘एफ-एफ’ संकेताचा पॅड तापल्यावरही त्याच वर्गात राहतो. घाटात वापरावयाच्या वाहनासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. तथापि हा संकेत म्हणजे गुणवत्तेची श्रेणी नव्हे. त्यावरून पॅडचे आयुष्य कळत नाही आणि ‘जी’ हा ‘एफ’पेक्षा सरसकट चांगलाही नसतो. मूळ पॅडचा संकेत ‘एफ-एफ’ असेल तर पुढील चाकांना ‘जी-जी’ बसवल्याने पुढील व मागील ब्रेकमधील समतोल बिघडू शकतो. मूळ संकेताशी जुळणारा पॅड घेणे हा सुरक्षित नियम आहे.

मानकांचीही विचारणा करावी. भारतात ब्रेक लायनिंगसाठी आयएस २७४२ हे मानक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ९० प्रमाणे मान्यता मिळालेल्या बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या तुलनेत १५ टक्क्यांच्या मर्यादेत असावी लागते. असे पॅड वर्तुळातील इंग्रजी ‘ई’ अक्षर व त्यापुढील क्रमांकावरून ओळखता येतात.

घर्षण-पदार्थातील दोन घटकांकडे कृषी क्षेत्राने विशेष लक्ष द्यावे. पहिला घटक ॲस्बेस्टॉस. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात शिरून गंभीर व्याधी निर्माण करतात. वेष्टनावर ‘ॲस्बेस्टॉसमुक्त’ असा स्पष्ट उल्लेख असलेलाच पॅड घ्यावा. जुन्या पॅडची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. दुसरा घटक तांबे. पॅड झिजताना तांब्याचे कण रस्त्यावर पडतात व पावसाबरोबर नाल्यात जातात. जलचरांवरील विषारी परिणामामुळे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१० मध्ये कायदा करून ब्रेक पॅडमधील तांब्याचे प्रमाण २०२१ पासून ५ टक्क्यांच्या आत व २०२५ पासून ०.५ टक्क्याच्या आत आणण्याचे बंधन घातले. बोर्डो मिश्रणाच्या वारंवार वापराने जमिनीत तांबे साठते हे बागायतदारांना ठाऊक आहेच. दोन पॅड इतर बाबतींत समान असतील तर तांबेमुक्त पॅडला प्राधान्य द्यावे.

डिस्कची निवड

पिकअपच्या डिस्क सामान्यतः करड्या बिडाच्या असतात. हे बीड उष्णता चांगली वाहते, कंपने शोषते व स्वस्त असते. डिस्कच्या कडेवर किंवा मध्यभागी किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. ही जाडी झिजेची अखेरची मर्यादा आहे. समजा नवी डिस्क २४ मिलिमीटर जाड असून तिच्यावर २२ मिलिमीटर किमान जाडी कोरली आहे आणि मोजमापात २२.४ मिलिमीटर जाडी आढळली. अशी डिस्क लेथवर घासून गुळगुळीत केल्यास दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ०.३ मिलिमीटर गेले तरी ती २१.८ मिलिमीटर होते, म्हणजे बाद होते. म्हणून लेथकाम करण्यापूर्वी ‘घासल्यानंतर किती उरेल’ हा हिशेब करावा. जाडी व्हर्निअरपेक्षा मायक्रोमीटरने मोजणे अधिक योग्य, कारण झिजलेल्या डिस्कच्या कडेला राहिलेला उंचवटा व्हर्निअरच्या मापात फसवतो.

ब्रेक लावताना स्टिअरिंग किंवा पेडल थरथरत असल्यास सर्वसाधारणपणे ‘डिस्क वाकली’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्कची जाडी परिघावर असमान झालेली असते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका फरकदेखील पेडलवर जाणवतो. या थरथरीचा परिणाम मालावरही होतो. क्रेटमधील पक्व आंबे एकमेकांवर आदळून ठेचाळतात आणि अशा फळांतून पाझरणारा रस बुरशीला व माश्यांना निमंत्रण देतो.

मूळ डिस्क दुपदरी, म्हणजे मधून हवा खेळणारी असेल तर तिच्या जागी तशीच डिस्क घ्यावी. भोके पाडलेली किंवा खाचा असलेली डिस्क दिसण्यास आकर्षक असते. परंतु जड भारात भोकांच्या कडेपासून तडे जाण्याची शक्यता असते आणि चिखलाने भोके बुजतात. शेतमालाच्या पिकअपसाठी साधी, पूर्ण पृष्ठभागाची व योग्य वजनाची डिस्कच श्रेयस्कर. दुकानात नवी डिस्क जुन्या डिस्कशेजारी ठेवून व्यास, जाडी, नटांची छिद्रे व मधील हवेच्या फटी तपासाव्यात. शक्य असल्यास वजनही करावे. नावाने तीच पण वजनाने लक्षणीय हलकी असलेली डिस्क घेऊ नये.

पॅड एका आसाच्या दोन्ही चाकांचे एकाच वेळी बदलावेत. डिस्कही जोडीनेच बदलाव्यात. नव्या डिस्कवर जुने पॅड बसवू नयेत. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कच्या चऱ्यांचा ठसा असतो व तो नव्या पृष्ठभागाशी जुळत नाही.

मागील ब्रेक व वाढवलेले पाटे

पुढील पॅड वारंवार संपत असतील तर दोष बऱ्याचदा मागे असतो. मागील ड्रममधील लायनर झिजलेले किंवा त्यांचे समायोजन बिघडलेले असल्यास त्यांचे काम पुढील डिस्कवर येते.

पाटे वाढवण्याच्या प्रथेचा परिणामही येथेच दिसतो. अनेक पिकअपमध्ये मागील आसाजवळ भार ओळखणारा व्हॉल्व असतो. माल भरल्यावर पाटे दबतात, चेसिस व आस यांतील अंतर कमी होते आणि त्यानुसार हा व्हॉल्व मागील ब्रेकला अधिक दाब देतो. जादा माल नेता यावा म्हणून गॅरेजमध्ये पाटे वाढवले की गाडी भरली तरी पाटे पुरेसे दबत नाहीत. व्हॉल्वला वाहन रिकामेच आहे असे ‘वाटते’ व तो मागील ब्रेकचा दाब कमी ठेवतो. परिणामी सर्वांत जड भाराच्या वेळी मागील ब्रेक सर्वांत कमी काम करतात आणि पुढील पॅड व डिस्क जळतात. अशा वाहनाला कितीही महाग पॅड घातले तरी प्रश्न सुटत नाही. पाटे मूळ संख्येवर आणणे व नोंदणीपत्रातील मर्यादेत माल भरणे हाच त्यावरील उपाय आहे.

ब्रेक ऑइल

पॅड बदलताना ब्रेक ऑइलकडे दुर्लक्ष होते. हे द्रव हवेतील बाष्प शोषून घेते व त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ३ प्रतीच्या ताज्या द्रवाचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश, तर ओलावा शोषलेल्या अवस्थेत १४० अंश असतो. डॉट ४ साठी हे आकडे अनुक्रमे २३० व १५५ अंश आहेत. कॅलिपरमधील द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे तयार होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल थेट तळाला जाते. दमट हवामानात व घाटमार्गावर दर दोन वर्षांनी द्रव बदलावे. प्रत टाकीच्या झाकणावर लिहिल्याप्रमाणेच घ्यावी. फोडून ठेवलेल्या जुन्या बाटलीतील द्रव वापरू नये.

खरेदीतील दक्षता

कीटकनाशक घेताना शेतकरी नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख व पक्के बिल पाहतो. ब्रेक पॅडलाही हीच कसोटी लावावी. वेष्टनावरील भाग क्रमांक पॅडच्या पाठीवरील क्रमांकाशी जुळावा. छपाई पुसट, कडा भुरभुरीत किंवा घर्षण-पदार्थ व पोलादी पट्टी यांच्यात फट दिसल्यास तो संच परत करावा. चारही पॅडचा बॅच क्रमांक शक्यतो एकच असावा. पक्के बिल घ्यावे व जुने वेष्टन पुढील खरेदीपर्यंत जपावे.

किमतीची तुलना दर किलोमीटरवर करावी. उदाहरणार्थ, ९०० रुपयांचा संच १५,००० किलोमीटर व २,००० रुपयांचा संच ३५,००० किलोमीटर चालतो आणि प्रत्येक वेळी मजुरी ४०० रुपये पडते असे धरू. पहिल्याचा खर्च किलोमीटरला सुमारे ८.७ पैसे, तर दुसऱ्याचा सुमारे ६.९ पैसे येतो. यात डिस्कची झीज व गाडी उभी राहण्याचा खोळंबा धरलेला नाही. प्रत्येकाने स्वतःच्या नोंदींवरून हा हिशेब मांडावा.

बसवणे व रुळवणे

डिस्क बसवण्यापूर्वी हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने गंजमुक्त करावा. हबवर गंजाची खपली राहिली तर डिस्क किंचित तिरकी बसते व काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. नव्या डिस्कवरील गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढावे. सरक-पिनांना ब्रेकसाठीचे उष्णतारोधक ग्रीसच लावावे. साधे ग्रीस वितळते व रबरी टोप्या फुगवते. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने व ठरावीक बळाने आवळावेत. पहिले पेडल गाडी उभी असतानाच अनेक वेळा दाबून पिस्टन जागेवर आणावेत. अन्यथा पहिल्याच वळणावर पेडल रिकामे जाते.

नवीन पॅड रुळवण्यासाठी रिकाम्या गाडीने मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० किलोमीटरपर्यंत मध्यम दाबाने आठ ते दहा वेळा वेग कमी करावा. प्रत्येक वेळी मध्ये थोडे अंतर चालून ब्रेक थंड होऊ द्यावेत. तापलेल्या स्थितीत पेडल दाबून गाडी उभी करू नये; पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो. पहिले २०० ते ३०० किलोमीटर पूर्ण भार व घाट टाळावा. म्हणूनच पॅड काढणीच्या आदल्या दिवशी बदलू नयेत. किमान आठवडाभर आधी बदलावेत.

शेतीतील विशेष कारणे

शेतमालाच्या वाहनाला शहरातील वाहनापेक्षा काही वेगळे धोके असतात. खतांचे क्षार सांडून ओलाव्याबरोबर चाकांपर्यंत गेल्यास बीड गंजते. मोरचुदाचे द्रावण लोखंडावर पडल्यास लोखंड विरघळते व तांबे जमा होते. गळक्या गोणीखालील डिस्कला म्हणूनच खड्डे पडतात. खते व औषधे वाहून झाल्यावर चाके स्वच्छ पाण्याने धुवावीत व गाडी उभी करण्यापूर्वी थोडे चालवून, हलके ब्रेक लावून डिस्क कोरड्या कराव्यात. तापलेल्या डिस्कवर मात्र गार पाणी मारू नये. काळ्या जमिनीचा चिखल कॅलिपरमध्ये वाळल्यास पिना अडकतात. हंगामाबाहेर गोठ्याजवळ उभ्या असलेल्या गाडीच्या रबरी नळ्या उंदीर कुरतडतात; पहिल्या फेरीपूर्वी त्या तपासाव्यात.

निष्कर्ष व शिफारशी

विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामपूर्व मेळाव्यात फवारणी यंत्राच्या तपासणीबरोबरच पिकअपच्या ब्रेकची तपासणीही समाविष्ट करावी. एक मायक्रोमीटर व एक नोंदवही एवढी सामग्री त्यासाठी पुरते. नोंदवहीत तारीख, किलोमीटर, चारही पॅडची जाडी, दोन्ही डिस्कची जाडी, ब्रेक ऑइल बदलल्याचा महिना व नेहमीचा भार या नोंदी असाव्यात. दोन हंगामांच्या नोंदी हाती आल्या की त्या वाहनाला कोणता पॅड मानवतो हे मालकाला स्वतःलाच कळू लागते.

सपाट मार्गावर मर्यादेत भार वाहणाऱ्या वाहनासाठी उत्पादकाने सुचवलेल्या संकेताचा चांगल्या प्रतीचा सेंद्रिय पॅड पुरेसा आहे. घाटमार्गावर किंवा पूर्ण भाराने सतत चालणाऱ्या वाहनासाठी तप्त अवस्थेत घर्षण टिकवणारा, मालवाहू वाहनासाठी शिफारस केलेला अर्ध-धात्विक पॅड, पूर्ण जाडीच्या दुपदरी डिस्क व ताजे ब्रेक ऑइल यांची सांगड घालावी. दोन्ही परिस्थितींत मागील ब्रेक समायोजित व पाटे मूळ संख्येतच असावेत. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी भरलेली पिकअप चालकाचा पाय पेडलवर पोहोचण्याच्या एका सेकंदातच सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर ती किती मीटरमध्ये थांबेल हे पॅड, डिस्क, ऑइल व भार यांवर ठरते. या चारही गोष्टी गाडी भरण्यापूर्वी मालकाच्या हातात असतात.